क्रेडिट कार्डावर दोन टक्के जादा घेतले तर चालतंय काय?

शहापूरचा साडीवाला: लग्नसराईत गिऱ्हाईक घासाघीस करून बारा हजारांचा शालू घेतंय आणि शेवटी क्रेडिट कार्ड पुढं करतंय. बँकेचं कमिशन माझ्या खिशातनं. दोन टक्के मागितले की "कायदा दाखवा". सांगा की ओ.

निपाणीकर: डेबिटवर मागूच नका. रुपे डेबिट आणि यूपीआयला १ जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडनं घ्यायचं बँकेचं कमिशन, शून्य. बाकी डेबिट कार्डांचं कमिशन गिऱ्हाइकावर टाकू देऊ नका, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलंय. क्रेडिटसाठी कार्ड मशीनचा बँकेशी केलेला करार वाचा.

खानापूरचा, सध्या न्यू जर्सी: शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात रोखीला सूट चालायची, कार्डाला जादा आकार नाही. पैसे तेवढेच! दुकानदार कोर्टात गेले. २०१७ मध्ये अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट म्हणालं, हा कायदा भाव सांगण्याच्या भाषेवरच बंधन घालतो. फेब्रुवारी २०२४ पासून तिथं जादा आकार चालतो, पण कार्डाचा पूर्ण भाव आधी लावावा लागतो.

शहापूरचा साडीवाला: म्हणजे "रोखीला सूट" लिहू? २०२५ च्या जुलैत यूपीआयच्या आकड्यांवरून कर्नाटकात जीएसटीच्या नोटिसा निघाल्यात. आता असली पाटी बघून, कर चुकवायला रोख मागतोय असं वाटून गिऱ्हाईकच विचारणार, "शेठ, बिल देणार न्हवं?"