पाळी गेल्यानंतरचं ‘ते’ दुखणं डॉक्टरांना स्वतःहून सांगावं का?

कृषीनगर_ट्रॅक
सरळच मांडते. पाळी जायच्या सुमारास किंवा गेल्यावर संबंधाच्या वेळी आग होत असेल, दुखत असेल, इच्छाच उरली नसेल, तर बाईने ते डॉक्टरांना स्वतःहून सांगावं. नवऱ्याला बाहेर बसवून सांगावं. आमच्या सकाळच्या गँगमध्ये गुडघे, थायरॉईड, सुनेचे डबे यांवर दोन-दोन फेऱ्या होतात. हा विषय निघाला की सगळ्यांच्या चालण्याला एकदम वेग येतो.

इस्ट्रोजेन कमी झालं की योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं पडतं. गरम वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत ओसरतात. हे मात्र आपोआप जात नाही, बऱ्याचदा वाढतंच. लघवीची जळजळ, परत परत होणारं इन्फेक्शन हेही पुष्कळदा त्यातलंच. यावर इलाज आहे, आणि आपण अँटिबायोटिकचे कोर्स करत बसतो.

अण्णा_सिडको
पन्नाशीनंतर हे विषय कशाला? आमच्या आयांनी कधी तक्रार केली नाही. नातवंडं सांभाळा, गोदाघाटावर जा, मन रमवा. सगळा औषध कंपन्यांचा धंदा आहे.

कृषीनगर_ट्रॅक
अण्णा, त्यांनी तक्रार केली नाही म्हणजे त्यांना दुखलं नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता तो. आणि पुरुषांच्या निळ्या गोळ्या खपतात तेव्हा गोदाघाट आठवत नाही कुणाला.

निफाडची_सून
ताई, गंगापूर रोड-कॉलेज रोडला बसून हे बोलणं सोपं आहे. आमच्याकडे द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणी झाली की पुढे मणी विरळायचं थिनिंग, घड औषधात बुडवायचं डिपिंग, एकामागून एक. एक खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. तरी कुणी गेलीच दवाखान्यात, तर बाहेरच्या बाकावर आठ माणसं बसलेली आणि कंपाउंडर तिथूनच ओरडतो, “काय होतंय?” ती बिचारी म्हणते, “कंबर दुखते.” मिळाली कंबरेची गोळी.

आणि खरं बोललं तर काय? “वय झालंय, पिशवी काढून टाका.” बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये एवढं गाजलं, चौकशी समिती बसली. आमच्या बाया तेव्हापासून जास्तच गप्प झाल्यात. म्हणून मी म्हणते, नाही सांगत तेच बरं.

सातपूर_सिस्टर
निफाडच्या ताईंची भीती खोटी नाही. पण कोरडेपणासाठी पिशवी काढणं हा इलाजच नव्हे. पिशवीबरोबर अंडाशयही काढले, तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एका दिवसात अंगावर येतो. कुणी ऑपरेशन सुचवलं तर दोन गोष्टी विचारा: कशासाठी, आणि अंडाशय ठेवणार का.

खाली कुणीतरी विचारेलच म्हणून हॉर्मोनच्या इलाजाचंही सांगते. २००२ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास मध्येच थांबवला, तेव्हापासून ‘हॉर्मोन म्हणजे कॅन्सर’ हे डोक्यात बसलंय. तो पोटात घ्यायच्या दोन हॉर्मोनच्या गोळ्यांचा होता. बायकांचं सरासरी वय ६३. स्तनाच्या कॅन्सरच्या केसेस वाढल्या त्या दर १०,००० बायकांमागे वर्षाला ८. आतून लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम ही वेगळी गोष्ट आहे, ते रक्तात फारच थोडं उतरतं. साधारण दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा, आणि फरक पडायला काही आठवडे लागतात. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हॉर्मोन नकोच असेल तर पाण्याचं ल्युब्रिकंट, म्हणजे ओलावा देणारं जेल, मेडिकलमध्ये मिळतं. खोबरेल निरोधसोबत वापरू नका, तो फाटतो. आणि हो, पन्नाशीच्या आत पाळी थांबली तरी पुढची दोन वर्षं दिवस राहू शकतात!

द्वारका_सर्कल
माझा विरोध वेगळाच आहे. मी ५२ ची. मला इच्छा नाही आणि ती परत यावी असंही वाटत नाही. तीस वर्षं घर, नोकरी, सासर सांभाळलं. आता ‘इलाज करून घे’ ही नवी ड्यूटी? उद्या नवरेच हा धागा बायकांना फॉरवर्ड करतील.

कृषीनगर_ट्रॅक
इच्छा नसणं म्हणजे आजार नव्हे, मान्य. ती गेल्याचं तुम्हालाच खुपत असेल तरच इलाज. दुखणं मात्र आजार आहे.

द्वारका_सर्कल
मग पहिल्याच परिच्छेदात दोन्ही एका दमात कशाला घातलंत?

म्हसरूळचे_मास्तर
बाईनेच धीर का करायचा? झोप लागते का, जेवण जातं का, हे डॉक्टर विचारतात. त्यातच हा एक प्रश्न जोडायला काय जातं? आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकात आहे, शिकवा की तिथेच. पेशंटला धीट व्हा म्हणणं म्हणजे डॉक्टरांना मोकळं सोडणं.

सातपूर_सिस्टर
मास्तर, शंभर टक्के. पण तो अभ्यासक्रम बदलेपर्यंत या बायांनी काय करायचं? ज्यांना बोलवत नाही त्यांनी चिठ्ठी लिहून न्यावी, “संबंधाच्या वेळी दुखतं, कोरडेपणा आहे, पाळी अमुक महिन्यात थांबली.” केसपेपरखाली सरकवायची. कंपाउंडरला “आत सांगते” एवढंच म्हणायचं.

निफाडची_सून
चिठ्ठी जमेल. पण पिशवीचं नाव काढलं की मी उठून येणार, आधीच सांगते.

सातपूर_सिस्टर
उठून या, हक्काने. फक्त पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्त दिसलं असेल, तर त्याच आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरकडे जा. सोनोग्राफी करूनच घ्या. ते अंगावर काढायचं नाही.