भूजलात उतरणारी कीटकनाशके: परवानाच नाकारावा की फवारणीला शिस्त लावावी?

झरा:
भूजलात एकदा उतरलेले तणनाशक परत काढता येत नाही, या एका गोष्टीवर माझे सगळे म्हणणे उभे आहे. जर्मनीने १९९१ मध्ये अ‍ॅट्राझीन या तणनाशकावर बंदी घातली, तरी पुढे कित्येक वर्षे तिथल्या भूजलात ते आणि त्याच्या विघटनातून तयार होणारे पदार्थ सापडत राहिले. मातीच्या वरच्या थरात ऊब असते, जिवाणू भरपूर असतात, त्यामुळे तिथे असे रसायन काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मोडते. पण पावसाबरोबर ते त्या थराखाली निसटले, की जिवाणू विरळ असलेल्या थंड खडकात त्याचे मोडणे फारच मंदावते. म्हणून जी औषधे पाण्यात सहज विरघळतात, मातीच्या कणांना धरून राहत नाहीत आणि सावकाश मोडतात, त्यांना विक्रीचा परवानाच मिळू नये. युरोपीय संघाने पिण्याच्या पाण्यात एका कीटकनाशकासाठी (तणनाशकेही यातच धरली जातात) लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम आणि सर्वांसाठी मिळून ०.५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठेवली आहे. ती सगळीकडे असावी.

कोरडवाहू:
असहमत. ०.१ हा आकडा विषारीपणाच्या अभ्यासातून आलेला नाही; ‘पाण्यात हे असूच नये’ या भूमिकेचे ते अंकातले रूप आहे. अ‍ॅट्राझीनचेच पाहा: अमेरिकेत मर्यादा ३ मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य १०० मायक्रोग्रॅम. एकाच रसायनासाठी हजारपटींचा फरक असेल, तर मर्यादा ओलांडली या बातमीवरून आरोग्याबद्दल काय कळते? शिवाय बंदीने तण मरत नाही. युरोपात मक्याच्या शेतात अ‍ॅट्राझीनची जागा त्याच कुळातल्या टर्ब्युथिलाझीनने घेतली, आणि आता भूजलात तेही आढळते.

बांधावरून:
तुम्ही दोघेही शेताकडे पाहता आहात. मी टाकी भरण्याच्या जागेकडे पाहायला सांगेन. लिटरमागे ५०० ग्रॅम क्रियाशील घटक असलेल्या औषधाचे दोन मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम घटक, आणि तेवढा एक ग्रॅम १ कोटी लिटर पाणी ०.१ मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतो. डब्याचे झाकण उघडल्यावर खालचे चंदेरी सील फाडून विहिरीच्या कठड्यालगत टाकले, तर त्याला चिकटलेले औषधसुद्धा या हिशेबात धरावे लागते. मग टाकीचे धुवण, रिकामे डबे, आणि पाण्याचा पाइप टाकीत बुडवून ठेवल्यामुळे उलटा ओढला जाणारा द्रव. हे सगळे बहुधा त्याच एका जागी, वर्षानुवर्षे, आणि तिथे पीक नसल्याने मातीही तुडवून कठीण झालेली.

यावर स्वीडनमध्ये निघालेला बायोबेडचा उपाय साधा आहे. खड्ड्यात पेंढा, पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) आणि माती यांचे मिश्रण भरायचे, वर गवत वाढू द्यायचे आणि यंत्र त्यावर उभे करूनच भरायचे व धुवायचे. पेंढा कुजवणाऱ्या बुरशीची विकरे सांडलेले औषध बऱ्याच अंशी मोडून टाकतात. परवान्याच्या वादाचा निकाल लागेपर्यंत एवढे तरी करता येते, पण असल्या कामाला मथळे मिळत नाहीत.

झरा:
सांडण्याचा मुद्दा मान्यच आहे, परंतु नीट फवारलेले औषधही खाली उतरते. डेन्मार्कमध्ये बीटच्या पिकातील क्लोरिडाझोन या तणनाशकाचा वापर १९९६ मध्ये संपला. त्याचा विघटनज पदार्थ भूजलात मोठ्या प्रमाणावर असल्याचे २०१७ मध्ये लक्षात आले, कारण तोवर त्याची तपासणीच होत नव्हती. बंदी, पर्याय, धुवण या साऱ्यांची चर्चा आपण तपासायच्या पदार्थांच्या ज्या यादीवर करतो, ती यादीच अपुरी आहे. आणि कॅरिबियन समुद्रातील फ्रान्सच्या ग्वादलूप व मार्टिनिक बेटांवर केळीच्या बागांत १९७२ ते १९९३ या काळात क्लोरडेकोन हे कीटकनाशक वापरले गेले, तेव्हा १९७५ मध्येच कामगारांच्या विषबाधेनंतर अमेरिकेतला त्याचा कारखाना बंद पडला होता. माहिती नव्हती असे तिथे म्हणताच येत नाही.

कोरडवाहू:
क्लोरडेकोन तर तुमच्याच निकषाविरुद्ध जाते. ते पाण्यात कमी विरघळते आणि मातीतल्या सेंद्रिय द्रव्याला घट्ट चिकटते. म्हणजे तुमच्या चाळणीतून ते सहज पार झाले असते, आणि तरीही तिथल्या झऱ्यांत ते आलेच.

झरा:
म्हणूनच टिकाऊपणा हा निकष बाकीच्यांच्या बरोबरीचा न धरता आधीचा धरावा. जे मोडत नाही ते आज ना उद्या पाण्यापर्यंत पोचते, चिकटणारे असले तरी. क्लोरडेकोन मातीत दशके, काही मातींत शतकेही राहील असा अंदाज आहे. तिथे टाकी कुठे धुतली याने काय फरक पडणार?

बांधावरून:
त्या रसायनापुरता काहीच नाही. मात्र ज्यांचे परवाने आज चालू आहेत, ती औषधे या हंगामातही टाकीत ओतली जाणार आहेत. पाणीपुरवठ्याच्या टोकाला सक्रिय कार्बनची गाळणी बसवू असे म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की डेन्मार्कमध्ये सापडला तसे लहान, पाण्यात चटकन विरघळणारे विघटनज पदार्थ कार्बनवर नीट अडत नाहीत. कार्बन लवकर लवकर बदलावा लागतो आणि तो खर्च पाणी पिणाऱ्याच्या बिलात जातो, औषध विकणाऱ्याच्या नाही.

कोरडवाहू:
खर्च विकणाऱ्याने द्यावा, यावर माझा वाद नाही. फक्त तो कर म्हणून डब्याच्या किमतीत चढवला, तर भरणारा शेतकरीच असेल.