छोट्या विमानासाठी कागदी नेव्हिगेशन पट्ट्या घरी कशा बनवायच्या?

घोडबंदर_१५२ (ठाणे)
नमस्कार मंडळी. पीपीएलच्या (खासगी वैमानिक परवान्याच्या) क्रॉस-कंट्रीची, म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्याच्या उड्डाणाची, तयारी चालू आहे. विमान सेसना १५२, आखणीसाठी वेग ९० नॉट (ताशी ९० नॉटिकल मैल) धरलाय, चार्ट १:५,००,००० चा. टॅबलेट बंद पडला तरी काम अडू नये म्हणून मांडीवरच्या पॅडला लागेल असा कागदी संच हवा आहे: अंतराची पट्टी, वेळेची पट्टी आणि वाऱ्याचं एखादं कार्ड. खुणा किती मिलिमीटरवर करायच्या? ग्राउंडस्पीड (जमिनीच्या सापेक्ष वेग) दर वेळी बदलतो, मग वेळेच्या पाच-सहा पट्ट्या कराव्या लागतील का? आणि झेरॉक्सच्या दुकानात छापून घेताना काय सांगायचं?

नौपाडा_प्लॉटर
एकाच पट्टीत भागतं. आधी आकडे. नॉटिकल मैल (पुढे नुसतं ‘मैल’) म्हणजे १८५२ मीटर, म्हणून १:५,००,००० वर १० मैल = ३७.०४ मिमी आणि १:१०,००,००० वर १८.५२ मिमी. ए४ आडवा धरला की पहिल्या स्केलवर ७० मैलांची पट्टी (२५९.३ मिमी) आरामात बसते. पट्टीवर स्केल ठळक लिहा. चुकीच्या चार्टवर ठेवलेली पट्टी दुप्पट किंवा निम्मं अंतर दाखवते आणि घाईत ते लक्षातही येत नाही.

आता वेळ. ठरावीक वेळेत कापलेलं अंतर वेगाच्या सरळ प्रमाणात वाढतं, त्यामुळे प्रत्येक वेगाचं वेगळं गणित लागत नाही. १० मिमी अंतराने सात आडव्या रेषा मारा: खालची ६० नॉटची, वरची १२०ची, मधल्या दहा-दहा नॉटच्या. सगळ्यांचं शून्य डावीकडे एकाच उभ्या रेषेवर. खालच्या रेषेवर दर मिनिटाला ३.७०४ मिमी, वरच्या रेषेवर ७.४०८ मिमी. पण एकेक माप पुढे जोडत जाऊ नका, चूक साठत जाते. प्रत्येक खूण शून्यापासून मोजा. ३०वं मिनिट खाली १११.१ वर आणि वर २२२.२ मिमीवर यायला हवं. मग खालचं पाचवं मिनिट वरच्या पाचव्याला, दहावं दहाव्याला असं जोडत जा. मधल्या सगळ्या वेगांच्या खुणा आपोआप मिळतात. दर पाचवी रेषा जाड ठेवा.

हे पारदर्शक ओएचपी फिल्मवर छापा, कारण मधली रेषा मार्गावर टेकवायची तर खालचा चार्ट दिसायला हवा. फिल्म लेझर प्रिंटरसाठीचीच मागा. साधी फिल्म आत वितळून मशीनला चिकटते.

खरा उपयोग उलट्या दिशेने वाचण्यात आहे. समजा १२ मिनिटांनी ओळखीच्या धरणावर आलात. शून्य निघाल्या जागेवर ठेवा, आडव्या रेषा मार्गाला समांतर धरा आणि १२ मिनिटांची तिरपी रेषा धरणाला कुठल्या आडव्या रेषेवर भेटते ते बघा. अंतर १६ मैल असेल तर ती ८० नॉटची रेषा असेल. तीच रेषा पुढच्या मार्गावर सरकवा: उरलेल्या ४० मैलांना आता ३० मिनिटं लागणार, ठरवलेली २६ मिनिटं ४० सेकंद नाही. इंधनाचा हिशेबही तिथेच बदलतो.

छपाईत एकच गोष्ट ठासून सांगा: ‘फिट टू पेज’ नको, ‘ॲक्च्युअल साइझ’ हवं. पानाच्या कडेला १०० मिमीची रेषा काढून ठेवा आणि दुकानातच स्टीलच्या पट्टीने मोजा. ९७ भरली तर ७० मैलांची खूण प्रत्यक्षात ६७.९ वर पडते. ९० नॉटला हा जवळपास दीड मिनिटाचा फरक. झेरॉक्सची झेरॉक्स तर काढूच नका.

वाशी_क्रॉसविंड
वरच्या उत्तरात भर. ड्रिफ्टसाठी (वाऱ्याने मार्गावरून बाजूला सरकण्यासाठी) वेगळं साधन नको, चार्टवरच निघायच्या आणि पोहोचायच्या दोन्ही टोकांपासून मार्गाच्या दोन्ही बाजूंना ५ आणि १० अंशांच्या तुटक रेषा मारा. कोनमापक नसेल तर टोकापासून मार्गावर १०० मिमी मोजून काटकोनात ८.७ आणि १७.६ मिमी घ्या.

२० मैलांनंतर २ मैल डावीकडे सरकलात म्हणजे ६ अंशांची चूक, ६० मैलांना १ मैल म्हणजे १ अंश या हिशेबाने. पुढे ४० मैल असतील तर त्या टोकाकडून ३ अंश. दोन्ही मिळून ९ अंश उजवीकडे वळा. फक्त ६ वळलात तर मार्गाला समांतर उडत राहाल, ठिकाण डावीकडेच राहून जाईल. ही चूक फार होते.

वाऱ्याचं कार्ड पोस्टकार्डाएवढं पुरे. सर्वाधिक ड्रिफ्ट = वाऱ्याचा वेग × ६० ÷ ट्रू एअरस्पीड (हवेच्या सापेक्ष खरा वेग). ९० नॉटला १५ नॉटचा वारा, म्हणजे १० अंश. वारा ट्रॅकशी (जमिनीवरच्या मार्गाशी) १५ अंशांवर असेल तर त्याचा पाव भाग, ३० वर निम्मा, ४५ वर पाऊण, ६० च्या पुढे पूर्ण. समोरच्या किंवा मागच्या वाऱ्यासाठी ९० मधून कोन वजा करून तेच कोष्टक वाऱ्याच्या वेगाला लावा.

आपल्या भागात चुंबकीय फरक (खरी उत्तर आणि कंपासची उत्तर यांतला कोन) एक अंशाच्याही आत आहे, म्हणून ट्रू आणि मॅग्नेटिक सारखेच धरायची सवय लागते. कार्डावर दोन्हींचे वेगळे रकाने ठेवाच, दुसऱ्या प्रदेशात तेच वाचवतात. विमानातल्या कंपासचं डेव्हिएशन (विमानातल्याच धातू आणि उपकरणांमुळे येणारी चूक) ही तिसरी गोष्ट, ती तिथल्या कार्डावरून घ्यायची.

घोडबंदर_१५२
खूप आभार. कार्ड आणि अंतराची पट्टी जाड कागदावर छापून लॅमिनेट केली तर चालेल ना? आणि लिहायला काय वापरावं?

ऐरोली_नीबोर्ड
चालेल, पण पावसाळ्यात आपल्याकडची हवा लक्षात घ्या. कागद ओलाव्याने फुगतो, तोही तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त. पट्टी तंतूंच्या दिशेने कापा: कागद ज्या बाजूने सहज वाकतो, त्या घडीची रेषा म्हणजे तंतूंची दिशा. लॅमिनेशन मॅट घ्या, चकचकीत असेल तर उन्हात काही वाचता येत नाही. कडेला निदान ३ मिमी प्लास्टिक सोडा, नाहीतर ओल आत शिरते. लॅमिनेट झाल्यावर १०० मिमीची रेषा परत मोजा.

लिहायला चार्टवर मऊ पेन्सिल, लॅमिनेशनवर बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर. तो स्पिरिटने पुसला जातो. घासून पुसता येणारे पेन विमानात आणू नका: ती शाई साधारण ६० अंश सेल्सिअसला अदृश्य होते, आणि उन्हात उभ्या विमानाच्या डॅशबोर्डवर ठेवलेला कागद तेवढा तापू शकतो. रात्री लाल दिव्यात लाल रेषा दिसत नाहीत, म्हणून सगळं काळ्यात.

पॅडला चुंबकाचा क्लिप नको, कंपासजवळ गेला की सुई हलते. प्लास्टिकचा लावा. आणि पहिल्या उड्डाणाआधी पूर्ण संच इन्स्ट्रक्टरसमोर चार्टवर ठेवून दोन मार्ग कंप्युटरने आणि पट्टीने मोजा. अर्ध्या मैलापेक्षा जास्त फरक आला तर ती पट्टी फाडून नवी छापा.