बडोद्यात शार्कच्या पराचं सूप मिळत नाही, म्हणून आपला संबंध नाही?

सुरसागरकाठची
काल इथे रावपुरेकरांनी लिहिलं, "शार्कचे पर कापण्याचा प्रश्न चीन-हाँगकाँगचा. बडोद्यात ते सूप कुणी पीत नाही. इथे बसून त्याविरुद्ध सह्या गोळा करणं म्हणजे रिकामा उद्योग." वाचून इतकी चिडले की आज सविस्तरच लिहिते.

पर कापून धड समुद्रात फेकून देतात, बहुतेकदा जिवंतच. पोहता येत नाही, कल्ल्यांतून पाणी फिरत नाही, आणि तो मासा तळाशी गुदमरून मरतो. हे सगळं शरीराच्या जेमतेम ५ टक्के वजनासाठी. त्या पराला स्वतःची चवही नसते. चव कोंबडीच्या रश्श्याची, पराचे नुसते धागे.

आणि संबंध कसा नाही? ओखामंडळ, म्हणजे द्वारकेकडचा किनारा, आपल्या बडोदे संस्थानाचं होतं. सयाजीरावांच्या दरबाराने जेम्स हॉर्नेल या समुद्रजीवतज्ज्ञाकडून तिथल्या समुद्रजीवांची पाहणी करवून घेतली, अहवालाचा पहिला भाग १९०९ चा. शंभर वर्षांपूर्वी या शहराला त्या किनाऱ्याची काळजी होती. पराच्या निर्यातीवर फेब्रुवारी २०१५ पासून बंदी आहे, तरी सप्टेंबर २०१८ मध्ये महसूल गुप्तचर खात्याने मुंबईत शिवडीला आणि आपल्या वेरावळला मिळून ८,००० किलो पर पकडले. वेरावळ गुजरातेतच आहे ना?

इथून सिंगापूर-बँकॉकच्या सहली सतत निघतात. टूरवाल्याला आधीच सांगा, आमच्या जेवणात हे सूप नको, आणि जिथे ते यादीत असेल त्या हॉटेलात आम्हाला नेऊ नका. दहा घरांनी सांगितलं तर तो ऐकतो.

रावपुरेकर
ताई, माझं वाक्य अर्धंच घेतलंत. सह्या निरुपयोगी आहेत असं मी म्हणालो त्याला कारण आहे. २०२४ च्या जानेवारीत 'सायन्स' या नियतकालिकात आलेला अभ्यास वाचा. पर कापण्याविरुद्धचे कायदे जगभर दहापट वाढले, आणि त्याच काळात मरणारे शार्क कमी न होता २०१२ च्या ७.६ कोटींवरून २०१९ मध्ये ८ कोटींवर गेले. पर कापू नका म्हटलं की अख्खा शार्क बंदरावर आणतात, मांस विकतात. मासा मेला तो मेलाच.

माझा मामेभाऊ वेरावळला बर्फाच्या धंद्यात आहे. तो म्हणतो, बंदीनंतर पर घेणारे गेले नाहीत, फक्त खलाशाच्या हातात येणारा पैसा कमी झाला. मार गरिबाला बसतो आणि आपण इथे सह्या करून समाधानाने झोपतो. याचाच मला राग आहे.

देवगडची लेक, मांजलपूरची सून
दोघांनाही विचारते, आमच्याकडची मोरी, म्हणजे आम्ही खातो तो शार्क मासा, कुठल्या खात्यात? माझ्या बाळंतपणात आईने आठवडाभर मोरीचं कालवण खायला घातलं. उकळतं पाणी ओतून ती खरखरीत कातडी कशी खरवडायची, ते मी आईच्या शेजारी बसून शिकले. पाण्यातून येणारा तो उग्र वास अजून नाकात आहे. आमच्याकडे मोरी पर-शेपटीसकट येते आणि काही म्हणजे काही वाया जात नाही. पर कापून धड फेकणारे वेगळे, खाणारे वेगळे. "शार्क वाचवा" म्हणताना आमच्या ताटाकडे बोट दाखवू नका.

व्हेज बडोदेकर
सरळ उपाय आहे. मासे खाणंच सोडा. कुणी खाल्लंच नाही तर कुणी पकडणार नाही.

देवगडची लेक, मांजलपूरची सून
आलात! याचीच वाट बघत होते. लग्नानंतर भाड्याचं घर शोधताना सहा ठिकाणी "नॉनव्हेज चालणार नाही" ऐकलं. सातव्या घरी खिडक्या लावून, उदबत्ती पेटवून बांगडे तळले, तरी वरच्या काकूंनी मालकाला फोन केला. महिन्याभरात घर सोडावं लागलं, तेव्हा मुलगा चार महिन्यांचा होता. म्हणून मला कुणी "सोडा" म्हटलं की ते शार्कसाठी आहे असं वाटतच नाही.

व्हेज बडोदेकर
मी कुणाला घर नाकारलेलं नाही. माझ्यावर का?

गोत्रीचा भाडेकरू
ताई, सेम. मला तर अंडी उकडण्यावरून ऐकवलं. करारात एक शब्द नव्हता, तरी अनामत रकमेतून रंगाचे पैसे कापले.

मूळची ग्वाल्हेरची
ग्वाल्हेरलाही हेच, आणि घरमालक आपलेच मराठी. आडनाव ऐकून आधी किचनचं विचारतात.

गोत्रीचा भाडेकरू
आपले असोत की परके, यावर एकदा वेगळं बोलायलाच हवं. आजवर तीन घरं बदलली.

सुरसागरकाठची
बोला, जरूर बोला, ते दुःख खरं आहे. पण मी शार्कबद्दल लिहिलं होतं हो.

ओख्याला बारा वर्षं
मी नोकरीनिमित्त बारा वर्षं ओख्याला होतो. "साध्या माणसाच्या हातात काही नाही" हे रावपुरेकरांचं म्हणणं मला मान्य नाही, आणि ते माझ्या डोळ्यांदेखतचं आहे.

व्हेल शार्कला तिकडे पूर्वी "बॅरल" म्हणत. आकडा मारून दोरीला रिकामी पिंपं बांधायचे, तो दमेपर्यंत ओढायचे. यकृताचं तेल होड्यांना लावायला, मांस बाहेरदेशी. २००१ मध्ये तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला, म्हणजे मारायला पूर्ण बंदी, पण मच्छिमाराला ते पटलं २००४ नंतर, व्हेल शार्क वाचवायच्या मोहिमेत रामकथाकार मोरारी बापूंनी सांगितल्यावर. लेक बाळंतपणाला माहेरी येते तशी ही आपल्या किनाऱ्यावर येते, तिला मारायचं कसं? मोहिमेने तिचं नाव ठेवलं "व्हाली", म्हणजे लाडकी. गावोगाव पथनाट्यं झाली.

माझ्या ओळखीच्या एका टंडेलच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, जाळ्यात ती अडकली, तेव्हा मी होडीवर होतो. अंगावर पांढरे ठिपके, तोंड एवढं रुंद की माणूस आडवा मावेल. टंडेलने एकदा नव्या जाळ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि कोयता काढला. जाळं कापलं. वनखातं नुकसानभरपाई देतं, पण पैसे हातात यायला वेळ लागतो, हे माहीत असून कापलं. गुजरातच्या किनाऱ्यावर अशा ९०० हून जास्त व्हाली सोडल्या गेल्या आहेत. नुसत्या कायद्याने हे झालं नसतं.

रावपुरेकर
ठीक. हे एक उदाहरण मान्य. पण व्हेल शार्क मोठा, देखणा, निरुपद्रवी. बापू मुशीला, म्हणजे साध्या शार्कला, लेक म्हणतील का? हातोडीसारख्या डोक्याच्या हॅमरहेड शार्कला? त्यांच्यासाठी कोण रडणार?

लेबल वाचणारी
रडायची गरज नाही, वाचायची आहे. शार्कच्या यकृतातून स्क्वालीन नावाचं तेल काढतात, ते क्रीम-लिपस्टिकमध्ये जातं. ऑलिव्ह आणि उसापासूनही ते मिळतं. माझ्या क्रीमच्या बाटलीवर बारीक अक्षरात नुसतं "स्क्वालेन" (स्क्वालीनचंच टिकाऊ रूप) होतं, कशापासून ते नाही. कंपनीला विचारलं, चार दिवसांत उत्तर आलं, उसापासून. उत्तर आलं नसतं तर मी बदललं असतं. सासूबाईंच्या गुडघ्यासाठी कुणीतरी शार्क कार्टिलेजच्या (कूर्चेच्या) गोळ्या आणल्या होत्या, त्या मात्र परत केल्या. हे बडोद्यात बसूनच केलं.

ओख्याला बारा वर्षं
आणि रावपुरेकर, आपल्याकडे बहुतेक शार्क मुद्दाम नव्हे, ट्रॉलच्या (ओढायच्या) आणि गिलच्या (उभ्या लावायच्या) जाळ्यात इतर माशांबरोबर येतात. कोळंबीसाठी ओढलेल्या जाळ्यात हातभर लांबीची पिल्लं मी टोपलीभर बघितली आहेत. शार्क उशिरा वयात येतो, थोडी पिल्लं देतो. ही पिल्लं संपली की मागे काही उरत नाही.

रावपुरेकर
म्हणजे सूप न पिणारा पण कोळंबी खाणारा मी गुन्हेगार? बरं. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. सह्यांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, पण "संबंध नाही" हे मागे घेतो.

देवगडची लेक, मांजलपूरची सून
माझ्या ताटावर पुन्हा आलातच. पण हातभर पिल्लांचं मला टोचलं. आमच्याकडे लहान मोरीच चवीला चांगली म्हणून मुद्दाम मागतात, मीही मागते. मुंबईहून बर्फाच्या पेटीत माल आणणाऱ्या आमच्या मासेवाल्याला आज विचारलं, मोठी का येत नाही? म्हणाला, "मोठी आता दिसतेच कुठे, बेन?" आईला फोन केला. ती म्हणते, तिच्या लहानपणी मोरी दोघं मिळून उचलायचे. मोरी सोडेन असं म्हणत नाही. पिल्लू असेल तर घेणार नाही, हे त्याला सांगून आले.

व्हेज बडोदेकर
ताई, घराचं ऐकून वाईट वाटलं. आमच्या सोसायटीत खालचा फ्लॅट रिकामा आहे. समितीत मी आहे, मासे चालतील म्हणून मीच लिहून देतो.

देवगडची लेक, मांजलपूरची सून
आता स्वतःचं घर आहे. गोत्रीच्या भाडेकरूला विचारा.