सातवीच्या पोरांना ‘स्वतःचं मत’ लिहायला शिकवावं का? (ऊस, गाईड आणि स्वमत)

खडूची धूळ
परभणी जिल्ह्यातल्या एका झेडपी शाळेत सहावी ते आठवीला मराठी शिकवतो. गेल्या महिन्यात सातवीच्या फळ्यावर विषय लिहिला, ‘आपल्या भागात ऊस लावावा का?’ वह्या आल्या. बहुतेकांची सुरुवात एकच: ‘ऊस शाप की वरदान? प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात.’ शेवटही एकच: ‘म्हणून आपण सर्वांनी प्रयत्न केले पाहिजेत.’ प्रयत्न कोणी करायचे, कशासाठी, त्याचा पत्ता नाही.

वह्या परत दिल्या. म्हटलं, पहिल्या ओळीत लावावा की लावू नये ते सांगून टाका. मग ‘कारण’. मग त्या कारणाला आधार, म्हणजे तुम्ही पाहिलेलं, मोजलेलं किंवा कोणाला तरी विचारून आणलेलं. आणि मग विरुद्ध बाजूचा माणूस काय म्हणेल ते लिहा, तेही असं की त्याला वाचून वाटावं, हां, हेच म्हणायचं होतं मला. जुन्या शास्त्री लोकांनी याला पूर्वपक्ष म्हटलंय. तो नीट मांडल्याशिवाय आपलं उत्तर सुरू करायचं नाही.

एका पोरीनं लिहिलं, ‘ऊस लावू नये. कारण आमचा बोअर होळीलाच आटतो आणि शेजारच्या उसाला रात्रभर मोटार चालू असते.’ पुढं विरुद्ध बाजू: ‘पण ऊस नसला तर माझे आईबाबा कुठं जातील? त्यांचा कोयता सांगलीकडं आहे. मुकादमाची उचल (तोडीआधी घेतलेले पैसे) फिटलेली नाही.’ त्याखाली चार ओळी कोऱ्या. मग बारीक अक्षरात, ‘सर, याचं उत्तर मला आलं नाही.’

मी दहापैकी नऊ दिले. स्टाफरूममध्ये त्यावरून जुंपली. निबंध अर्धवट आहे, नऊ कशाचे? म्हणून इथं विचारतोय.

लातूर पॅटर्न
सर, भावना पोचल्या. पण मी वीस वर्षं मराठीचे क्लास घेतोय, तर जरा कडू बोलतो. दहावीच्या पेपरात प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक यांपैकी एक लिहायचं असतं. माझी हुशार पोरंसुद्धा वैचारिकला हात लावत नाहीत. नदीचं आत्मकथन पाठ असलं की काम भागतं. नवोदय आणि एनएमएमएस शिष्यवृत्तीच्या परीक्षेला तर नुसते गोळेच रंगवायचेत. तिथं तुमचा पूर्वपक्ष कोण वाचणार?

आणि सातवीतली निम्मी पोरं अजून ‘कि’ लिहितात. वाक्य कुठं संपवायचं कळत नाही. पाया नाही आन् कळस चढवायलात. साच्याला नावं ठेवू नका. साचा म्हणजे पांगुळगाडा आहे, पोरगं चालायला लागलं की आपसूक सुटतो.

गाईडग्रस्त
सुटतो कुठला! माझा पुतण्या दहावीला. परवा माडीवर येरझाऱ्या घालत मोठमोठ्यानं म्हणत होता, ‘माझ्या मते, माझ्या मते…’ विचारलं, काय करायलास रे? म्हणाला, ‘काका, स्वमत पाठ करायलोय.’

लातूर पॅटर्न
हसा. पण त्याला पैकीच्या पैकी पडतील आणि तुमच्या कोऱ्या चार ओळींना बोर्डात शून्य.

खडूची धूळ
शुद्धलेखनाचं मान्य. पण आधी शुद्ध लिहा, मग विचार करा, हा क्रम मला पटत नाही. पोराला काही सांगायचं असेल तर ते वाक्य नीट करायला तयार होतं. सांगायचंच नसेल तर वेलांटी कोणासाठी दुरुस्त करायची?

शिवाय गाडी अडते ती दुसरीकडेच. एकानं लिहिलं, ‘२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. म्हणून ऊस लावू नये.’ घटना खरी आहे. मी म्हटलं, रेल्वेचा आणि उसाचा संबंध काय? पोरगं गप्प. त्याच्या डोक्यात संबंध होता, पण तो सगळ्यांनाच माहीत आहे असं त्यानं धरलं होतं. मग त्यानं बाकावरच्या दोस्ताला समजावलं: ऊस वर्षभर रानात उभा राहतो, उन्हाळ्यातही त्याला पाणी लागतं, ज्वारी पावसावर आणि ओलीवर निघून जाते. बस, ही मधली दोन वाक्यं कागदावर उतरवायची. आता वर्गात कोणी आधार दिला की बाकीची पोरं एका सुरात ओरडतात, ‘मग काय झालं?’ त्याचं उत्तर लिहिल्याशिवाय पुढची ओळ नाही.

पुण्यातला हिंगोलीकर
अमेरिकेत २०१० साली कॉमन कोर नावाची मानकं आली, त्यांत हा चढ नेमका आखलाय. पाचवीपर्यंत ‘मत’ लिहायचं, सहावीपासून ‘युक्तिवाद’, म्हणजे दावा, कारणं आणि आधार. सातवीत विरुद्ध मताची दखल घ्यायची. म्हणजे सरांचा वर्ग बरोबर पायरीवर आहे.

लातूर पॅटर्न
आली अमेरिका! तिथल्या पोरांना लायब्ररी आहे. आमच्याकडं कपाटाची किल्ली हेडमास्तरांच्या खिशात.

गाईडग्रस्त
अमेरिकेला कशाला जाता, पैठणला चला. नाथांचा हिंदू-तुर्क संवाद वाचा. दोघं एकमेकांच्या देवाधर्माची अशी उलटतपासणी घेतात की आज कोणी लिहिलं तर गावात राहणं मुश्कील होईल. तरी दोघांनाही बोलायला पुरेपूर जागा आहे आणि शेवटी समेट होतो. चारशेहून जास्त वर्षं झाली त्याला. हे आपल्यालाच जमत होतं, मधे कधीतरी गाईड आलं.

सेलूची आई
मी वेगळंच सांगते. माझी लेक आठवीत, तिलाही असेच हौशी सर आहेत. परवा सासूबाई म्हणाल्या, तिन्हीसांजेला झाडू मारू नाही. लेक म्हणाली, ‘आजी, आधार काय?’ सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. तिच्याकडं नाही, माझ्याकडं! सर मोकळे होतात, घरी ऐकून घेते आई.

दुसरं म्हणजे उसावर लिहायला लावता, पण गावात कारखान्याशी संबंध नाही असं घर किती? उद्या वही कोणाच्या हातात पडली आणि ‘शेजारच्याची मोटार रात्रभर’ हे शेजारच्यानंच वाचलं तर? मोठी माणसं ग्रामसभेत तोंड उघडत नाहीत आणि बारा वर्षांच्या पोरीकडून लेखी घेता.

खडूची धूळ
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. वह्या भिंतीवर लावणार होतो, आता नाही लावत.

कोयता
इतका वेळ वाचत होतो. माझे आईबाप वीस हंगाम ऊस तोडायला गेले. मी बीड जिल्ह्यातला, हंगामी वसतिगृहात राहून शिकलो, आता सरकारी नोकरीत आहे. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो, कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल त्या जोडीवर मिळते.

सर, तुमचा हेतू चांगला आहे, पण विषयच एका बाजूचा आहे. ‘ऊस लावावा का’ हे कोण विचारतं? ज्याला रान आहे, विहीर आहे तो. आमच्या घरात प्रश्न असायचा, ‘औंदा जायचं का?’ तुम्ही त्या पोरीला दुसऱ्याच्या बांधावर उभं करून मत विचारलं. तरी तिनं आपला प्रश्न मधे घुसवला, आणि तुम्ही त्याचं नाव ‘विरुद्ध बाजू’ ठेवलंत. ती तिचीच बाजू होती.

नऊ गुणांचं कौतुक मला नाही. तिनं विचारलं, उत्तर आलं नाही. तुम्ही पुढं काय केलंत? की छान उदाहरण सापडलं म्हणून इथं आणलंत?

पुण्यातला हिंगोलीकर
जरा जास्तच लागलं हे. सरांनी निदान कोऱ्या ओळी वाचल्या तरी.

कोयता
लागावं म्हणूनच लिहिलं.

खडूची धूळ
दोन दिवस उत्तर देता आलं नाही. कोयता, तुमचं खरं आहे, मी पुढं काही केलं नव्हतं. परवा वर्गात विषय मी दिला नाही. म्हटलं, घरी ज्यावरून भांडण होतं असा एक प्रश्न प्रत्येकानं चिठ्ठीवर आणा, नाव टाकू नका. चिठ्ठ्या आल्या त्या अशा: ‘दादाला बाइक घ्यावी का’, ‘शेळ्या विकाव्या का’, ‘ताईला पुढं शिकवावं का’ (ही तीन चिठ्ठ्यांवर होती), ‘आईनं औंदा जावं की बाबांनी एकट्यानं’. शेवटची कोणाची ते अक्षरावरून कळलं, बोललो नाही. एकट्यानं गेलं तर अर्धा कोयता धरतात, हे आधाराच्या जागी तिनंच दुसऱ्या दिवशी लिहून आणलं. या वेळी कोरी ओळ नव्हती. उत्तर काय लिहिलं ते इथं सांगत नाही.

सेलूच्या ताई, या वह्या माझ्या कपाटात राहतील. किल्ली माझ्याच खिशात आहे.

आणि लातूरकर, तुमच्यासाठी एक. मागच्या बाकावरच्या एकानं चिठ्ठीवर आणलं, ‘शुध्दलेखनाचे मार्क कापावे का’. निबंध सव्वा पान. म्हणतो, कापू नयेत, कारण ‘चुक झाली तरी सरांना समजलं की मी काय म्हंटलं’. विरुद्ध बाजूही धडाक्यात मांडलीय: ‘पण औषधाच्या दुकानदारानं चुकिचं नाव वाचलं तर माणुस मरु शकतो.’ त्यावर उत्तर: ‘म्हणून औषधाच्या नावाचे मार्क कापावे, बाकीचे नाही.’ मी चुका मोजल्या, एकोणीस भरल्या. दहापैकी किती देऊ?

लातूर पॅटर्न
औषधाचं कोणी सांगितलं नव्हतं ना त्याला? मग सहा द्या. अक्षर कसंय?