मदत हवी आहे: दुपारी १२ वाजले की पोकलेनचा काटा लालला टेकतो (झाडी साफ करण्याचं काम)

करवंदीची_जाळी
नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात, खाडीपासून तीन-चार किलोमीटरवर, सड्याच्या (जांभ्या दगडाच्या पठाराच्या) उतारावर काजू लागवडीसाठी जमीन साफ करण्याचं काम चालू आहे. वर करवंद, घाणेरी, रानमोडी आणि वाळलेलं गवत. मधेमधे कुड्याचे आणि ऐनाचे जुने खुंट. मशीन २० टनी पोकलेन, मीटर ७,४०० तासांवर.

सकाळी ७ ते ११ इंजिनाच्या पाण्याच्या तापमानाचा काटा मधोमध असतो. साडेअकरानंतर चढायला लागतो आणि बाराच्या सुमाराला बझर वाजतो. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रावण) पुरेसं आहे, गळती दिसत नाही, बेल्ट नवा आहे. गेल्या आठवड्यात रेडिएटर प्रेशरच्या पाण्याने धुतला, तर त्यानंतर उलट लवकर तापायला लागलं. मिस्त्री म्हणतो थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाका, ऊनच एवढं आहे. काढावा का? मृगाआधी खड्डे तयार हवेत, त्यामुळे मशीन दुपारी बंद ठेवणं परवडत नाही.

लाल_माती
थर्मोस्टॅट अजिबात काढू नका. बऱ्याच डिझेल इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की बायपासची वाट (रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी) बंद होते आणि सगळं पाणी रेडिएटरकडे वळतं. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. मग बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात फिरत राहतं. म्हणजे सकाळी इंजिन थंड आणि दुपारी आणखी गरम. शंका असेल तर थर्मोस्टॅट काढून तपासा. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने मधोमध लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. त्यावर कोरलेल्या अंशाला (बहुधा ८२ च्या आसपास) झडप हलायला लागली पाहिजे आणि त्यापुढे दहा-बारा अंशांत पूर्ण उघडली पाहिजे. अडकत असेल तर नवा घाला.

आता उन्हाचं. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो ते पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंश धरलं तर सकाळी २६ अंशाच्या हवेत फरक ६९, दुपारी ३६ ला ५९. म्हणजे उन्हाने रेडिएटरची ताकद साधारण सातव्या हिश्श्याने घटते, बस्स. चाळिशीच्या वरची हवा गृहीत धरून बनवलेल्या मशीनला एवढ्याने काही होत नाही. तुमच्या मशीनची राखीव ताकद आधीच कुठेतरी गेली आहे, ऊन फक्त ते उघडं पाडतंय. ती कुठे गेली ते शोधा.

डिझेल_आणि_ग्रीस
प्रेशरने धुतल्यावर बिघडलं, यातच निम्मं उत्तर आहे.

झाडी साफ करणाऱ्या मशीनचा रेडिएटर रस्त्याच्या कामातल्या मशीनसारखा नुसत्या धुळीने भरत नाही. सड्यावरच्या गवताची कुसळं जाळीतून आत जातात आणि फिन्समध्ये (रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमध्ये) आडवी अडकतात. त्यांच्यावर रानमोडीचा म्हातारीसारखा कापूस बसतो आणि त्यावर जांभ्याची लाल धूळ. असा थर सुका असताना हवेने निघतो. पाणी मारलंत की त्याचा चिखल होतो, चिखल आत ढकलला जातो आणि वाळला की गिलाव्यासारखा घट्ट बसतो. प्रेशर गनने फिन्स वाकल्या असतील तर तेवढा भाग कायमचा बंद.

दुसरं म्हणजे, कूलर (रेडिएटर, ऑइल कूलर, एसीचा कंडेन्सर) एकामागे एक असतील तर खरा कचरा बाहेरून दिसत नाही, तो दोन कूलरच्या मधल्या फटीत असतो. एसीचा कंडेन्सर बोल्ट काढून बाजूला फिरवता येत असेल तर तो फिरवून मागे बघा.

साफ करायची रीत अशी. आधी हवा कुठून कुठे जाते ते ठरवा: रेडिएटरसमोरचं दार बंद करून, इंजिन स्लोवर ठेवून, दाराच्या जाळीवर वहीचा कागद धरा. कागद चिकटला तर हवा आत ओढली जाते आहे. मग इंजिन बंद करून, किल्ली काढून, ते पूर्ण थंड झालं की हवा उलट दिशेने, म्हणजे फॅनच्या बाजूने बाहेर मारायची. कॉम्प्रेसर २ बारच्या (३० पीएसआय) वर नेऊ नका, नोझल साधारण एक फूट लांब आणि फिन्सना सरळ धरा, तिरकं मारलं की फिन्स झोपतात. डोळ्याला चष्मा आणि तोंडाला फडकं हवंच. सुका कचरा निघायचा थांबला की तेलकट भागावर डिटर्जंटचं पाणी १०-१५ मिनिटं मुरू द्या आणि साध्या पाइपच्या पाण्याने, परत फॅनच्याच बाजूने, धुवा. अल्टरनेटरवर प्लास्टिक बांधा. संध्याकाळी अंधार पडला की एका बाजूला विजेरी धरून दुसऱ्या बाजूने बघा. जिथून उजेड येत नाही तिथून हवाही जात नाही.

रेडिएटरभोवतीच्या स्पंजच्या पट्ट्या आणि फॅनचं कवच शाबूत आहे का तेही बघा. पट्टी नसेल तर इंजिनाकडची गरम हवाच फिरून परत रेडिएटरमध्ये येते. पोकलेनवाले इथे फार दुर्लक्ष करतात. खाडीजवळच्या मशीनवर आणखी एक: फिन्स बोटाने हलकेच दाबून बघा. पांढरी भुकटी होऊन गळत असतील तर खाऱ्या हवेने ॲल्युमिनियम खाल्लं आहे, तो कोअर (रेडिएटरचा नळ्या-फिन्सचा गाभा) बदलावाच लागेल.

दाराला वरून मच्छरदाणी बांधू नका, ती तासाभरात भरते. तीन-चार मिमीची लोखंडी जाळी, ओढून काढता येईल अशी, बसवा आणि डिझेल भरताना, जेवणाच्या सुट्टीत झटका.

सडा_आणि_खाजण
ऑपरेटर खुंट कसे काढतो तेही बघा. हायड्रॉलिक ऑइलचा (बकेट आणि हात हलवणाऱ्या तेलाचा) काटा चढतो का ते तुम्ही लिहिलेलं नाही. बकेटचे दात खुंटाखाली घालून लिव्हर ओढून धरला, खुंट हलत नाही आणि इंजिन नुसतं दबतंय, त्या वेळी तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून (जादा दाब सोडणाऱ्या झडपेतून) उडतं आणि इंजिनाची जवळपास सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. ती उष्णता ऑइल कूलरमधून निघते आणि कूलर रेडिएटरच्या पुढे असेल तर तीच गरम हवा रेडिएटरला मिळते. ऑइल ५० ते ८० अंशांत राहिलं पाहिजे, ८२ च्या वर सतत गेलं तर सील कडक होतात.

ऐनाचा खुंट असेल तर चहूबाजूंनी दोन-अडीच फूट खणून मुळं दातांनी तोडा, मग उपटा. लिव्हर दोन सेकंदांत खुंट हलवत नसेल तर सोडून जागा बदला. जेसीबीसारख्या चाकाच्या मशीनने ढकलत असाल तर पहिलाच गिअर ठेवा. चाकं थांबून इंजिन रेसवर राहिलं की टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) तापतो. आणि ऐन, किंजळ उभे असतील तर तोडण्याआधी वनखात्याची परवानगी घ्या, दोन्ही अनुसूचित झाडं आहेत.

करवंदीची_जाळी
सगळ्यांचे आभार. कंडेन्सर फिरवला, मागे बोटभर जाड थर निघाला, कुसळं आणि लाल माती. अजून पूर्ण निघालेला नाही. ऑइलचा काटा मधोमधच्या थोडा वर. इन्फ्रारेड थर्मामीटरने साडेबाराला, कामाच्या भारात: रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) ९८ अंश, खालचा ९४. याचा अर्थ काय? आणि कूलंटमध्ये आतापर्यंत विहिरीचं पाणी टाकत आलो आहोत.

लाल_माती
रबरी होजवरच मोजलंत ना? चकचकीत धातूवर हे थर्मामीटर कमी दाखवतं. तिथे काळी टेप चिकटवून मोजायचं.

फरक फक्त ४ आहे आणि दोन्ही टोकं गरम आहेत. म्हणजे पाणी नीट फिरतंय, पण हवा उष्णता नेत नाही. पंप आणि थर्मोस्टॅट यांच्यावर संशय नको. फरक १५-२० आला असता तर पाणी अडतंय असं म्हटलं असतं. साफसफाई पूर्ण करा आणि त्याच वेळी, तेवढ्याच भारात परत मोजा.

विहिरीचं पाणी आजपासून बंद. चैत्र-वैशाखात खाडीकाठच्या विहिरींना खार चढतो, ते क्लोराइड रेडिएटरला आतून खातं. इथे बर्फाची भीती नाही, पण कूलंटमुळे उकळबिंदू वाढतो आणि गंज रोखणारी रसायनं मिळतात. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. जास्त घट्ट करू नका, ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहतं. तयार मिश्रणाचा कॅन असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. जुनं काढून साध्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा फिरवा, निघणारं पाणी तांबडं यायचं थांबलं की भरा. टोपणाचं रबर चिरलं असेल तर टोपणही बदला, दाब धरला नाही तर पाणी लवकर उकळतं.

डिझेल_आणि_ग्रीस
बझर वाजला तर ऑपरेटरला एवढं सांगून ठेवा: भार काढायचा, बकेट जमिनीवर टेकवायची, इंजिन स्लोवर पाच मिनिटं चालू ठेवायचं. एकदम बंद केलं तर पंप थांबतो आणि हेडजवळचं पाणी तिथेच उकळतं. बेल्ट तुटला असेल किंवा होज फुटून पाणी गेलं असेल तरच लगेच बंद. टोपणावर उघडा हात ठेवता येईल इतकं थंड झाल्याशिवाय ते उघडायचं नाही, आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतायचं नाही, हेड तडकतं.

टर्बो आणि एक्झॉस्टजवळ, तसंच खालच्या पत्र्यावर साचलेलं गवत रोज संध्याकाळी हाताने काढा. या दिवसांत ते पेटायला वेळ लागत नाही. केबिनमध्ये ६ किलोचा पावडरचा अग्निशामक ठेवा, काटा हिरव्यात आहे का ते बघून.