युद्धाच्या मानसिक आघातावर आणि त्यातून सावरण्यावर संशोधन करायचे आहे. सुरुवात कशी करावी?

कामठीची_विद्यार्थिनी:
नमस्कार. मी नागपूर विद्यापीठात मानसशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचे घर कामठीच्या छावणीजवळ असल्याने माजी सैनिकांची अनेक कुटुंबे लहानपणापासून ओळखीची आहेत. त्यांतील काहींना आजही रात्री शांत झोप लागत नाही, तर त्याच मोहिमेवर गेलेले काही जण शेतीत आणि नातवंडांत रमलेले दिसतात. हा फरक कशामुळे पडतो, यावर पुढे पीएच.डी. करावी असे मनापासून वाटते. सध्या लघुप्रबंधासाठी शंभर माजी सैनिकांकडून एकदा प्रश्नावली भरून घेण्याचा सल्ला मिळाला आहे. त्यातून सावरण्याबद्दल खरोखर काही कळते का? आणि या विषयात आयुष्यभर काम केलेल्या कोणाचे लेखन सलग वाचावे?

निवृत्त_प्राध्यापक_धरमपेठ:
इस्रायली संशोधक झहावा सोलोमन यांचे काम वाचा, आणि तेही कालक्रमाने वाचा. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर दीर्घकाळ टिकणारा मानसिक विकार, हे निदान मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात १९८० साली आले आणि दोनच वर्षांनी इस्रायलचे लेबनॉनमधील युद्ध झाले. त्यानंतर इस्रायली सैन्याच्या वैद्यकीय विभागात संशोधन करताना त्यांनी रणांगणावर मानसिकदृष्ट्या कोलमडलेल्या सैनिकांची तुलना तशाच लढाईतून गेलेल्या, पण न कोलमडलेल्या सैनिकांशी केली. वर्षभराने पहिल्या गटात ५९ टक्के, तर दुसऱ्या गटात १६ टक्के जणांना पीटीएसडी असल्याचे दिसले. मला या दोन्ही आकड्यांची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची वाटते: कोलमडलेल्यांपैकी बरेच जण वर्षभराने पीटीएसडीच्या निकषांबाहेर होते, आणि ज्यांना कोणी रुग्ण मानलेच नव्हते अशांपैकी काही जण मूकपणे सोसत होते.

पुढे त्यांनी १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धातील इस्रायली युद्धकैद्यांचा माग अनेक दशके घेतला. १९९१ मध्ये ठीक असलेल्या काहींना २००३ किंवा २००८ च्या फेरीत त्रास सुरू झालेला आढळला, म्हणजे सुटकेनंतर तीस-तीस वर्षांनी. एकदाच भरून घेतलेली प्रश्नावली त्या दिवसाची अवस्था नोंदवते. ती व्यक्ती चढणीवर आहे की उतारावर, हे प्रश्नावलीला सांगता येत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनॅनो यांचा २००४ चा लेखही जरूर पाहा. मोठ्या आघातानंतरही बऱ्यापैकी स्थिर राहणारी माणसे अपवाद नसतात, हे त्यांनी ठामपणे मांडले आहे.

मानकापूरची_गृहिणी:
मी अभ्यासक नाही. माझे यजमान १९९९ मध्ये कारगिलला होते. काही वर्षांपूर्वी एका अभ्यासासाठी दोन मुली आमच्याकडे आल्या, यजमानांना तासभर प्रश्न विचारले आणि निघून गेल्या. त्यानंतर ते आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. त्या मुली पुन्हा आल्या नाहीत, निष्कर्षही कळले नाहीत. फटाक्यांच्या दिवसांत घरात काय करावे लागते, मुलाने वडिलांपासून काय लपवायला शिकले, हे मला कोणी विचारले नाही. ताई, तुम्ही याल तर पुन्हा येण्याच्या तयारीने या आणि घरातल्या बाईशीही बोला.

चिकित्सक_सदर:
वहिनींनी अभ्यासाच्या रचनेतील सर्वांत मोठी उणीव दाखवली आहे. सोलोमन यांनीही पुढे युद्धकैद्यांच्या पत्नींचा अभ्यास केला, कारण नवऱ्याचा आघात घरातही उतरतो. अमेरिकन संशोधक थेरेसा बेटनकोर्ट २००२ पासून पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनमधील माजी बालसैनिकांचा पाठपुरावा करत आहेत. मुलांनी काय सोसले याबरोबरच परतल्यावर गावाने आणि कुटुंबाने त्यांना कसे वागवले, यावरही त्यांचे सावरणे अवलंबून असल्याचे त्यांना आढळले. म्हणून सावरण्याची क्षमता केवळ स्वभावात शोधू नये, ती भोवतालातही मोजावी.

मोजमापाबाबत अमेरिकन संशोधक ब्रूस डोरेनवेंड यांचा २००६ चा अभ्यास वाचा. व्हिएतनाम युद्धातील अमेरिकन सैनिकांपैकी ३०.९ टक्क्यांना आयुष्यात कधीतरी पीटीएसडी झाल्याचा जुना अंदाज त्यांनी लष्करी नोंदींशी ताडून आणि निकष अधिक कडक लावून तपासला, तेव्हा तो १८.७ टक्क्यांवर आला. तरीही सैनिकांनी अनुभव फुगवून सांगितल्याचे फारसे दिसले नाही, आणि लढाईचा अनुभव जितका तीव्र तितका आजार अधिक, हे नातेही टिकले.

एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय एकही मुलाखत घेऊ नका. मुलाखतीनंतर कोणी अस्वस्थ झाल्यास कोठे पाठवायचे, हे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या (मेडिकलच्या) मनोविकृती विभागाशी किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयाशी आधीच बोलून ठरवा. मन एकदा मोकळे केले की आघात टळतो, या समजुतीवर विसंबू नका. घटनेनंतर मन मोकळे करण्याच्या एकाच बैठकीने पीटीएसडी टळत नाही, असे चाचण्यांच्या आढाव्यांत दिसले आहे. माजी सैनिकांपर्यंत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जाणे योग्य. सेवेत असलेल्यांसाठी लष्कराची परवानगी लागेल.

कामठीची_विद्यार्थिनी:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. शंभर व्यक्तींऐवजी तीस कुटुंबे घ्यावीत, प्रत्येक घरात दोघांशी स्वतंत्रपणे बोलावे आणि पुन्हा भेटण्याची लेखी संमती आताच घ्यावी, असा प्रस्ताव मी मार्गदर्शकांपुढे ठेवते. काकू, लघुप्रबंध पूर्ण झाल्यावर त्यातील निष्कर्ष मराठीत लिहून प्रत्येक घरी देण्याचेही त्यात नमूद करते.

निवृत्त_प्राध्यापक_धरमपेठ:
तीस कुटुंबे पुरेशी आहेत. फक्त एकाच मोहिमेवर गेलेली, आता त्रास असलेली आणि नसलेली, अशी दोन्ही प्रकारची घरे त्यांत असू द्या. नाहीतर तुमच्या मूळ प्रश्नाची तुलनाच करता येणार नाही.